फोटोत पाण्यात कोण होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. अकरा वर्षं होतील येत्या दिवाळीत. तुम्हालाही सरळ सांगता येईल की नाही, कोण जाणे – दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोनदा उठलो. म्हणून आधी बेटाचं सांगतो. ते सोपं आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. माप घेणं हे माझं काम. ठरल्यापेक्षा केसभर जास्त निघालं तरी मी माल परत पाठवतो, आणि त्याबद्दल माझी ख्याती आहे – चांगली आणि वाईट दोन्ही. अठ्ठ्याण्णव साली आम्ही बनवलेले पंप भूमध्य समुद्रातल्या एका लहान बेटावर बसवले होते. त्यातले दोन गळायला लागले. गिऱ्हाईक म्हणालं, माणसं पाठवा. मालकांनी मला पाठवलं आणि सोबत आनंदा कांबळेला. आनंदा मोल्डिंगचा सुपरवायझर; माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला आनंदा. हे आमच्याकडं असंच चालतं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. परदेशात कंपनी नीटनेटकी दिसावी म्हणून मालकांनी एकाच ताग्यातून आम्हा दोघांना राखाडी पँटी शिवून दिल्या होत्या.

काम चार दिवसांत उरकलं. बोट आठवड्यातून एकदाच यायची. तीन दिवस मोकळे.

तिथल्या फिटरनं सांगितलं, टेकडीपलीकडं एक किनारा आहे. तिथं कपडे घालायचे की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी हसलो, विषय बदलला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच निघालो – पाय मोकळे करायला, असं आनंदाला सांगून. दोन हजार एकशे चाळीस पावलं. हो, मोजली. मनात धाकधूक असली की मी मोजतो.

काय बघायला गेलो होतो मी? खरं सांगायचं तर तुम्हाला वाटतंय तेच. आणि तसलं काहीच दिसलं नाही, हीच तर गंमत. एकतीस माणसं होती. नऊ जणांच्या अंगावर कपडे होते, बावीस जणांच्या नव्हते. त्या बावीसांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, सुरकुतलेल्या पाठी. एक आजी डोक्यावर फक्त टोपी घालून विणकाम करत होत्या. एक जण पेपर वाचत होता, वारा पान उलटू देईना म्हणून वैतागला होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बघत होतो तो मी – बुटापासून कॉलरपर्यंत कपडे घातलेला. मलाच उघडं पडल्यासारखं वाटलं. बारा मिनिटांत परत फिरलो.

पण डोक्यातून जाईना. यातला मास्तर कोण, दुकानदार कोण, साहेब कोण – कसं ओळखायचं? आमच्या गल्लीतून दिगंबर मुनी विहार करत जातात, तेव्हा आई दारात हात जोडून उभी राहते. तिथं सगळं सोडलेलं असतं, म्हणून नमस्कार. इथं तर काहीच सोडलेलं नव्हतं – घरी जाऊन ही माणसं पुन्हा कपडे घालणार, जेवणार, भांडणार. मग लाज गेली कुठं? की ती कपड्यांबरोबर काढून ठेवता येते? माझा जन्म माणसाला कपड्यावरून, आडनावावरून, चपलेवरून जोखण्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चाळीस मिनिटं बसलो.

तिसऱ्या दिवशी आनंदाला घेऊन गेलो. का? मला पाण्यात उतरायचं होतं आणि दोघांचे पासपोर्ट माझ्या खिशात होते. कपडे राखायला माणूस हवा होता. लिहिताना आता लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

आनंदानं टेकडीवरून खाली नजर टाकली, आणि लगेच समुद्राकडं तोंड करून खडकावर बसला.

"सायेब, तुमाला उतरायचं तर उतरा. मी न्हाय." मग जरा वेळानं, न वळताच – "पर मला एक सांगा, ह्यास्नी खिसाच न्हाय की. खोलीच्या किल्ल्या कुठं ठेवत असतील ओ?"

दोघंही हसलो. मी कपडे काढले – सगळे – घडी घालून त्याच्याजवळ ठेवले आणि पाण्यात गेलो. कुणी मान वर केली नाही. एक्केचाळीस वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पोहता पोहता मागं बघितलं, तर आनंदा माझा कॅमेरा घेऊन फोटो काढत होता. त्यानं हात हलवला. मीही हलवला.

तोच फोटो.

परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळानं सत्कार ठेवला. परदेशातून कुणी आलं की फेटा, शाल, नारळ – आमच्याकडं तसं असतंच. दारात रंगवलेला बोर्ड, त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात आणि आनंदाचं खाली बारीक. तो बायकोला घेऊन आला होता. छत्तीस फोटोंचा रोल मी धुवायला टाकलेला, आणि मेहुण्यानं माझ्यावर उपकार करावेत म्हणून तो परस्पर स्टुडिओतून थेट सत्कारालाच आणला. मी पाकीट उघडूनही बघितलं नव्हतं. फोटो हातोहात फिरायला लागले. फाउंड्रीतलेही दहा-बारा जण आले होते. पलीकडं बायका बसल्या होत्या – माझी बायको, आई.

मेहुणा मोठ्यानं बोलला, "दाजी, ह्ये पाण्यात कोन ओ? आणि कापडं सगळी वर काढून? सगळी?"

फोटोत खडकावर घडी घातलेले कपडे, राखाडी पँट सगळ्यांत वर. मागच्या बाजूला दोन माणसं, पाठमोरी, अंगावर काही नाही. आणि लांब पाण्यात एक डोकं, एक वर केलेला हात. चेहरा ओळखू येत नव्हता. राखाडी पँट दोघांकडं होती.

मी म्हणालो, "आनंदा. मी आपला वरून फोटो काढला."

एवढंच. सहा शब्द. विचार करायला वेळ लागला नाही – हेच मला पुढं सगळ्यांत जास्त टोचलं. जीभ चाचरायला हवी होती, नाही का?

आनंदा माझ्या शेजारीच बसला होता, डोक्यावर फेटा. सगळे हसले. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "कांबळे, कोल्हापूरचं नाव काढलासा की समुद्रापार!" पुन्हा हशा. आनंदानं माझ्याकडं बघितलं. मी फोटो गोळा करायला लागलो. त्याच्या बायकोनं पदर सावरला आणि ती जमिनीकडं बघत बसली. कुणाला शंका आली नाही. तिथल्या एकानंही विचारलं नाही, की हा माणूस असं करेल का? माझं नाव घेतलं असतं तर विचारलं असतं. त्याचं घेतलं, तर लगेच पटलं. ते का पटलं हे मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणून तर ते नाव तोंडात आलं – हेही आज लिहून टाकतो.

मला वाटलं, आठ दिवस थट्टा चालेल आणि विरेल. पण आनंदाचं एक काम होतं, ते तुम्हाला सांगायला हवं. रविवारी सकाळी तो त्याच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दहावीच्या मुलींना गणित शिकवायचा. फुकट. स्वतः आयटीआय झालेला, पण बीजगणित असं सोपं करायचा की मीही एकदा बसून ऐकलं होतं. सरावासाठी तो दर शनिवारी माझ्या विभागातून पाठकोरे कागद न्यायचा. चौदा मुली, प्रत्येकीला दोन – अठ्ठावीस कागद. मीच मोजून द्यायचो.

सत्कारानंतरच्या शनिवारी त्यानं अठ्ठावीस नेले. पुढच्या शनिवारी म्हणाला, "अठराच द्या." मग आठ. आईबापांच्या कानावर गोष्ट गेली होती. शिरोलीतून त्यांच्या वस्तीत जायला तिला किती वेळ लागणार? वयात आलेल्या मुली असल्या माणसाकडं कोण पाठवणार? दिवाळीच्या आदल्या शनिवारी तो आलाच नाही. मी अठ्ठावीस कागद काढून ठेवले होते. सोमवारी पुन्हा गठ्ठ्यात ठेवले.

त्यानंतर दहा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. रोज चहा घेतला. त्यानं एकदाही विषय काढला नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. निरोप समारंभाआधी आम्ही दोघं कँटीनच्या मागं उभे होतो. मीच विचारलं, खाली बघत – तू त्या दिवशी का बोलला नाहीस?

"तुमी सांगशिला म्हणून वाट बघितली, सायेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "म्हटलं, आज न्हाय तर उद्या सांगतील. मग वर्गच बंद पडला. मग बघायचं सोडलं."

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. त्याच्याबद्दल मुख्य भाषण माझं होतं.

हातात माईक होता. समोर मालक, दीडशे कामगार, पहिल्या रांगेत त्याची बायको आणि दोन्ही मुली. त्याच फाउंड्रीतली माणसं, ज्यांच्या तोंडून ती गोष्ट गावभर झाली होती. यापेक्षा चांगली जागा मला मिळणार नव्हती, हे कळत होतं. मी नऊ मिनिटं बोललो. त्याच्या हाताखाली रद्द मालाचं प्रमाण किती खाली आलं, ते वर्षवार सांगितलं. एकही आकडा चुकला नाही. शेवटी थांबलो. दम घेतला. लोकांना वाटलं, माझा गळा दाटून आलाय.

मग मी त्याला उत्तम आरोग्य चिंतलं आणि खाली उतरलो. टाळ्या बराच वेळ वाजल्या. आनंदाही वाजवत होता.