भोंग्याच्या मागे

रामदास तायडे फ्रँकफर्टला सिंह ऐकतो. अकोल्यातल्या जुन्या मित्रांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, ‘खरं काय करतोस ते सांग ना.’ पण खरं तेच आहे. झांबियातल्या एका जंगलात पाच ठिकाणी झाडांना आवाज टिपणाऱ्या पेट्या बांधलेल्या आहेत. त्यांनी जे ऐकलं ते सकाळी दहापर्यंत एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर रामदासच्या हेडफोनमध्ये येतं. कोण ओरडलं, कुठून ओरडलं, किती जण ओरडले, हे त्याने सांगायचं. संगणकही सांगतो म्हणा, पण संगणक अडला की सगळे रामदासकडेच बघतात.

हा कान घरचा आहे. त्याच्या वडिलांची ‘तायडे साउंड सर्व्हिस’ होती. लग्न, बारसं, चौदा एप्रिलची मिरवणूक, काहीही असो, भोंगे तायड्यांचे. शाळेत असल्यापासून रामदास खांबावर चढून भोंगे बांधायचा. बाबांचा एकच नियम होता. भोंग्याचं तोंड कुणीकडे आहे हे ते कधी विचारायचे नाहीत. मागे कोण राहतं, एवढंच विचारायचे. एका गावात लग्नाचा भोंगा बांधला त्या खांबामागच्या घरात आठ दिवसांपूर्वी तरणा मुलगा गेला होता. दुपारी गाणी सुरू झाली आणि त्याची आई उंबऱ्यात येऊन नुसती उभी राहिली. बाबांनी स्वतः वायर उपटली, नवरदेवाकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि सगळं सामान गुंडाळून घरी आले. रामदास तेव्हा बारा वर्षांचा होता. ही गोष्ट त्याने पुढे कितीतरी जणांना सांगितली, आणि नेमकी हवी तेव्हा विसरला.

आता त्या सिंहांचं. नर सिंह एकटा फार दिवस टिकत नाही, म्हणून भाऊ-भाऊ मिळून टोळी करतात आणि एक मुलूख धरतात. दिवस मावळला की ओरडून सांगतात, इथे आम्ही आहोत आणि इतके आहोत. पलीकडचे ऐकतात आणि मोजतात. आपण भारी पडू अशी खात्री पटली की ते चालून येतात. जिंकले की पहिल्यांदा जुन्यांची पिल्लं मारतात. त्यात राग नसतो. पिल्लं असेपर्यंत सिंहिणी नव्यांच्या जवळ येत नाहीत, एवढंच कारण. रामदासला हे वाचून माहीत होतं, ऐकूनही माहीत होतं, पण त्याची खरी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

नदीच्या अलीकडे दोन भावांचा मुलूख होता. संस्थेच्या कागदांवर त्यांना आकडे होते. रामदासने मनातल्या मनात एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली होती. थोरल्याचा आवाज शेवटाला जरा फाटायचा. तो सुरू झाला की धाकटा मध्येच घुसायचा, त्याला कधी दम निघायचा नाही. मधल्या खडकाळ टेकडीवर दोन सिंहिणी होत्या आणि पाच महिन्यांची चार पिल्लं. नदीपलीकडे तिघे होते, जवान, दोन मुरलेल्या भावांवर चालून जायला अजून कचरणारे, तरी दर आठवड्याला थोडे जवळ सरकणारे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात थोरल्याचा आवाज यायचा थांबला. तिसऱ्या दिवशी तिथला वनरक्षक चिसेंगा याने कळवलं की रानरेड्यासाठी कुणीतरी लावलेल्या तारेच्या फासात तो सापडला. मेलेला.

त्या संध्याकाळी धाकटा एकटाच ओरडला. मग, एरवी कधी दम न निघणारा, तो मध्ये थांबला, दुसऱ्याला जागा ठेवून. ती जागा रिकामीच राहिली. त्यानंतर नदीपलीकडून तिघांचे आवाज आले, आदल्या दिवसापेक्षा जवळून.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून रामदास घरी आला तेव्हा नंदा, त्याची बायको, विमानतळावरची ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. तिने विचारलं, “पिल्लं?”

“चार आहेत. पण आता फार दिवस नाहीत. पाऊस पडून नदी फुगायला दोन महिने लागतील. एकदा नदी फुगली की ते तिघं इकडे यायचं नाव काढणार नाहीत. तोपर्यंत धाकटा एकटा काय करणार?”

रात्रभर तो तळमळला आणि सकाळी एस-बानच्या लोकलमध्ये त्याला कल्पना सुचली. थोरल्याच्या चार वर्षांच्या डरकाळ्या त्याच्याकडे होत्या. नदीकाठी भोंगा बांधायचा, तोंड पलीकडे करायचं आणि रोज संध्याकाळी थोरल्याला ओरडायला लावायचं. पलीकडच्यांनी मोजावं तर पूर्वीसारखेच दोन भरावेत.

विभागप्रमुख फ्राउ ओर्टलीब यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “आल्झो, म्हणजे असं, आपण बघणारी माणसं आहोत, तायडे. आपण हात घालत नाही.”

“तारेचा फास माणसानेच लावला होता,” रामदास म्हणाला. “हात आधीच घातलाय.”

त्यांनी परवानगीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “नदी फुगेपर्यंत. आणि हे तुमच्या नावावर राहील.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” रामदास म्हणाला. अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा तो जागेवर परतला. एरवी स्वतःहून फोन न करणाऱ्या पोराने त्या दिवशी दुपारीच अकोल्याला फोन लावला.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. ऐकायला कमी येतं, पण भोंगा म्हटलं की सगळं ऐकू येतं. “किती वॅटचा?” त्यांनी विचारलं. “उंचीवर बांधला का? वाऱ्याचा अंदाज घेतला का?” आणि मग, अपेक्षेप्रमाणे, “अन् मांग कोन राह्यते?”

“मागे जंगल आहे, बाबा. कोणी नाही.”

“कोनी नाही असं कुठंच नसते रे,” बाबा म्हणाले. रामदास हसला आणि त्याने विषय बदलला.

युक्ती लागू पडली. चिसेंगाने भोंगा बांधला त्याच संध्याकाळी, सव्वासहाला, थोरला ओरडला. शेवटाला आवाज फाटला. पलीकडे एकदम शांतता. दुसऱ्या दिवशी ते तिघे दोन किलोमीटर मागे गेले, चौथ्या दिवशी आणखी मागे. ऑफिसात कुणीतरी केक आणला. नंदा रोज “पिल्लं?” विचारायची आणि रामदास रोज “चार” म्हणायचा. दोघांना तेवढं पुरायचं.

सहाव्या दिवशी धाकट्याचा आवाज टेकडीजवळच्या पेटीत हलका आला आणि नदीच्या बाजूच्या पेटीत मोठा. रामदासला उलट आनंद झाला. ‘गडी शिवेवर पहारा द्यायला लागला,’ असं त्याने टिपणात लिहिलं. आठव्या दिवशी टेकडीवरच्या पेटीत धाकटा नव्हताच. दहाव्या दिवशी नदीकाठच्या पेटीत तो इतक्या जवळून आला की रामदासने हेडफोन काढून कान चोळले. पुन्हा लावले. ही डरकाळी नव्हती. हरवलेल्या सोबत्याला सिंह घालतात ती हलकी, खालच्या पट्टीतली हाक होती. हाक घालायची, थांबायचं. हाक घालायची, थांबायचं. सव्वासहा झाले, भोंगा ओरडला. धाकटा लगेच मध्ये घुसला, पूर्वीसारखाच. भोंगा थांबला. त्यानंतर चाळीस मिनिटं तो हाका घालत होता आणि यंत्राने त्याला एकदाही ओ दिली नाही.

पलीकडच्या तिघांसाठी रचलेल्या सोंगाला पहिल्याच दिवसापासून धाकटाही फसत होता. भाऊ गेला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाऊ आहे हे रामदास त्याला रोज संध्याकाळी सांगत होता. टेकडी, सिंहिणी, चार पिल्लं, सगळं उघडं टाकून तो भावाला शोधायला आला होता.

आता भोंगा बंद करावा तर पलीकडच्यांना एकटा नर ऐकू येणार. चालू ठेवावा तर धाकटा तिथून हलणार नाही. रामदासने चिसेंगाला फोन लावला. “भोंगा सोडून टेकडीवर नेऊन बांध. तो आवाजामागे येईल. आजच्या आज.”

चिसेंगा गेला आणि परत आला. “तो झाडाच्या बुंध्याशीच झोपलाय, सर. गाडी जवळ नेली की अंगावर येतो. मी दोनदा गेलो.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्या दिवशी पलीकडून आवाजच आला नाही. ऑफिसातल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही, पण रामदासला कारण माहीत होतं. परक्या मुलुखात शिरणारे सिंह ओरडत नाहीत, आणि दोन्ही आवाज नदीकाठीच आहेत, टेकडी मोकळी आहे, हे त्यांनी मोजलं होतं.

पुढच्या सकाळी आलेल्या आवाजांत पूर्वेकडच्या पेटीत, भोंग्याला वळसा पडतो त्या वाटेवर, पहाटे वानरांचा कल्लोळ होता. वीस मिनिटांनी मधल्या पेटीत एक पक्षी घाबरून उडाला. मग टेकडीवरची पेटी. रामदासने ती पूर्ण ऐकली, कारण ऐकणं हे त्याचं काम होतं. दोन सिंहिणी फार वेळ लढल्या. त्यात तीनदा धाकट्याचा आवाज लांबून, नदीकडून, आला. तो तिकडून निघाला होता, पण तीन किलोमीटर होते. उजाडल्यावर टेकडीवरून तिघे एकसुरात ओरडले.

दुपारी चिसेंगाचा निरोप आला. चारही गेली होती. धाकटा लंगडत पुन्हा भोंग्यापाशी जाऊन पडला होता.

“बंद करा तो,” फ्राउ ओर्टलीब म्हणाल्या. पण बंद करायलाही झाडाजवळ जावं लागणार होतं, आणि झाडाखाली तो होता. बॅटरी संपेपर्यंत आणखी चार संध्याकाळी थोरला सव्वासहाला ओरडला. चार सकाळी रामदासने ते ऐकलं. पाचव्या सकाळी भोंगा मुका होता. धाकटा एकटाच ओरडला, मध्ये जागा ठेवून थांबला, आणि त्या जागेत टेकडीवरच्या तिघांचा आवाज आला. पुढच्या दिवसापासून तो कुठल्याच पेटीत आला नाही.

‘पिल्लं?’ विचारणं सोडलेल्या नंदाने त्या संध्याकाळी चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिली.

रविवारी बाबांचा फोन आला. तब्येत, औषधं, कॉलनीतल्या पाण्याची टाकी, सगळं बोलून झालं. मग ते म्हणाले, “तुह्या भोंग्याचं काय झालं रे? चालला का?”

“चालला, बाबा. आवाज अगदी खरा आला.”

“मंग?”

रामदासने फोन दुसऱ्या कानाला लावला. शेकडो लग्नांचे भोंगे उतरवलेला माणूस होता तो, त्याला कळलं. बाबांनी विचारलं, “मांग कोन राह्यत होतं?”

“ज्याचा आवाज लावला त्याचा भाऊ राहत होता, बाबा,” रामदास म्हणाला.