वेटिंग रूममधली आई

आमच्या काकू नसत्या, तर त्या रविवारी मी तोंड उघडलंच नसतं. आमच्या काकू म्हणजे मुलुंडला मी ज्यांच्याकडे राहून स्वयंपाक करते त्या. आठवीत शाळा सुटली, मग गावही सुटलं, तेव्हापासून त्यांनीच सांभाळलंय मला.

सोसायटीतले एक रिटायर्ड साहेब बंद पडलेल्या स्टेशनांचे फोटो काढत फिरतात. त्या दिवशी काकूंच्या हॉलमध्ये चारपाच जणांना ते टीव्हीवर दाखवत होते. मी चहा घेऊन गेले, तर समोर आमचंच स्टेशन. विदर्भातलं, छोट्या रुळांच्या गाडीचं. गावाच्या नावाच्या पाटीवर आईचं लुगडं वाळत घातलेलं, आणि खाली आई ज्वारी पाखडत बसलेली.

"बघा, काय वाट लावलीय स्टेशनाची!" साहेब म्हणाले. सगळे हसले. "कळवणार आहे मी रेल्वेला."

आमचं घर पडल्यापासून आई त्या वेटिंग रूममध्येच राहते. तिला काढलं तर जाणार कुठे? पण खरं सांगते, भीतीच्या आधी मला लाज वाटली. आईची. इथे मी सगळ्यांना सांगत आले होते, आमचं घर स्टेशनजवळ आहे म्हणून.

काकूंनी माझा चेहरा बघितला. "काय गं, ओळखीचं आहे का कोणी?"

"आई आहे."

काकू साहेबांना म्हणाल्या, "फोटो काढलात, त्या बाईला काही विचारलंत का? आता हिला विचारा."

मग मी खाली बघतच सांगितलं. त्या गाडीतून कापसाच्या गाठी जायच्या. पुढे ट्रक आले, गाडी रिकामीच धावायला लागली. शेवटच्या दिवशी बायकांनी इंजिनाची ओटी भरली, सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी.

"इंजिनाची ओटी?" कुणीतरी खुदकन हसलं.

"हो. माहेरी परत यावी म्हणून. आई अजून रोज फलाट झाडते. म्हणते, आलीच तर कचरा दिसायला नको."

साहेब चष्मा पुसत राहिले. "बरं. नाही कळवत," म्हणाले, आणि पुढचा फोटो लावला.

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. आई वाचली होती, पण तिची लाज वाटली होती ती वाटलीच होती. काकू मागून आल्या. "रडतेस काय? पोळ्या कोण करणार?"

काकूंना मूलबाळ नाही. त्यांचे हातपाय थकतील तेव्हा त्यांचं सगळं मी करीन, आणि कुणापुढे मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर येऊ देणार नाही.