कादंबरीतला सुधारलेला नवरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? थकलोय म्हणून, एवढंच.

माझ्या एकुलत्या एका कादंबरीत बायकोला मारणारा नवरा आहे. शेवटी त्या बाईचा भाऊ दारात उभा राहून त्याला धीर, प्रेम यांवर लांबलचक सुनावतो आणि तो गडी ढसाढसा रडतो, सुधारतो. धुळ्यात एका कार्यक्रमात एक मुलगी उठून म्हणाली, हा माणूस सुधारतो ते पटत नाही, आणि तुमचा नायक, तो भाऊ, तर नुसता प्रवचनं झोडतो. मी हसून वेळ मारून नेली. माणसावर विश्वास हवा, असं काहीबाही बोललो. टाळ्याही मिळाल्या.

पण पोरीचं बरोबर होतं. खरा नवरा कधी सुधारलाच नाही — तो अमळनेरचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन आणायला जातो, सण झाला की पोचवायलाही तोच. त्या वर्षी अक्का झोक्यावर बसली नाही, गाणी म्हटली नाहीत. आईला पाठ उघडी करून दाखवली. परत जायचं नाही म्हणाली. आई रडली, वडील उठून बाहेर गेले. आणि पोचवायला मी निघालो — कॉलेजात शिकवणारा मी.

नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. मेहुण्यांची भीती वाटत होती, लोकांची त्याहून जास्त. मेहुण्यांनी चहा दिला, मी प्यायलो. त्यांना एक शब्द बोललो नाही.

मग कादंबरीत त्यांना सुधारायचं कशाला? ते सुधारले, तर माझं पोचवणं चुकत नाही — म्हणून.

अक्कानं कादंबरी वाचली. पुस्तक मिटून शांतपणे म्हणाली, "भाऊ, हाई बठ्ठं तू त्यास्ले नही, माले सांगेल व्हतं. यष्टीमा."

खरं आहे. नायकाचं ते सगळं भाषण — धीर धर, प्रेमानं माणूस बदलतो — मी पोचवायला जाताना एसटीत, अमळनेर येईपर्यंत, अक्कालाच ऐकवलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी बोलतच राहिलो.