दुरडीतली भाकर

त्या दुपारी आम्ही दोघं जेवलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. ती चुलीपुढं बसली होती, मी उंबऱ्याला पाठ लावून. लेकरं नोकरीपायी गेली ती लातूरलाच राहिली, घरात आम्ही दोघंच, त्यामुळं म्हातारपणी का होईना, ती माझ्यासोबत ताट घेऊन बसायला लागली होती. तिनं हात आखडता घेतला तसं मी म्हणालो, "खा की अजून. सरकारी कागदावर तर गावात समद्यांत जास्त खानारी तूच हायस."

"हाव," ती म्हणाली. "आन माझ्या वाट्याचं वाळत तुम्ही चाल्लाव."

हा आमचा जुना विनोद. घासून घासून गुळगुळीत झालेला, तरी चालायचा. तिनं हात धुतले, एक भाकर दुरडीत ठेवली, वर फडकं टाकलं, आणि "जरा पडते" म्हणून भिंतीकडं तोंड करून पडली. ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

आता लोक येऊन बसतात. "सोनं झालं तिचं" म्हणतात. एकानं तर मला विचारलं, शेवटचं काय बोलली? मी म्हणालो, जरा पडते म्हणाली. त्याला ते पसंत पडलं नाही. त्याला देवाचं नाव पाहिजे होतं. खरं शेवटचं बोलणं ते विनोदाचं, पण तो सांगायचा तर मागची सगळी गोष्ट सांगावी लागते, आणि सांत्वनाला आलेल्या माणसाला एसटी गाठायची असते. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या राज्यातली. मास्तर अर्ध्या शिव्या उर्दूत द्यायचा, अर्ध्या मराठीत, म्हणून दोन्ही भाषा मला तेवढ्यापुरत्या पक्क्या येतात.

लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. ती उदगीरकडची, बोलण्यात मधूनच कानडी शब्द टाकायची आणि माझी आई त्यावर नाक मुरडायची. वडील नव्हते. घरात आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि ही. राज्यात धान्याची ओढाताण होती. अशात हैदराबादच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी गावात उतरला. मूळचा नांदेडचा, वकिलाचा मुलगा. घरी मराठी बोलायचा, शिकायचा उर्दूत, अंगात शेरवानी, पायात मात्र आपल्यासारखीच फाटकी चप्पल. खेड्यातली माणसं काय खातात, किती खातात, यावर त्याला मकाला लिहायचा होता. मकाला म्हणजे पदवीसाठी लिहायचा मोठा निबंध. मला वाटलं होतं काहीतरी खायचं असेल.

त्याच्याजवळ पितळी ताजवा होता. कोणाच्या तरी घरी महिनाभर राहून प्रत्येक माणसाचं ताट तोलायचं, असं त्याच्या प्रोफेसरानं त्याला सांगितलं होतं. पाटलानं हात वर केले. "आमच्या घरात तसलं चालत न्हाई, सायब. मोठं घर हाय. तुम्ही मधलं घर बघा." मधलं घर म्हणजे आमचं.

आई दारातच आडवी आली. "भाकर मोजली की घरातली बरकत जाती, बाबा. आमच्यात वाढतानाबी मोजत न्हाईत."

तो हुशार होता. म्हणाला, "आई, मी मोजत नाही. मी फक्त तोलतो."

आईनं जरा विचार केला. तोलण्याबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. "मग ये," म्हणाली.

झालं. आम्ही जेवायला बसलो की तो ताजवा घेऊन समोर. माझी भाकर तोल, भावाची तोल, भाजीची वाटी तोल, आणि मग उर्दूत उजवीकडून डावीकडं लिही. पहिले दोन दिवस घास घशाखाली उतरेना. नंतर सवय झाली. ढोराला गोमाशीची होते तशी. तोही आमच्याच पंगतीला जेवायचा, पण स्वतःचं ताट तोलायचा नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "मी तपासात नाही. मी तपासणारा आहे." पुढं आयुष्यात बरेच सरकारी लोक पाहिले. सगळ्यांचं तसंच असतं.

आमची जेवणं झाली की आई जेवायची आणि सगळ्यांच्या मागून ही, आत, चुलीच्या आडोशाला. तिथं परका पुरुष ताजवा घेऊन जाणार कसा? त्यानं त्यावर तोड काढली. सगळं आटोपल्यावर तो आईला विचारायचा, दुरडीत काय उरलं? आई दुरडी पुढं करायची. तिच्यात एक भाकर असायची. रोज असायची. त्यानं लिहिलं, या घरात सगळ्यांचं पोट भरून रोज भाकर उरते. मग शेजारची पाच-सात घरं पाहिली. तिथंही दुरडीत भाकर. त्यानं लिहिलं, या गावात उपासमार नाही. एवढा आनंद झाला त्याला, की तो आमच्या म्हशीला सुद्धा "वा वा" म्हणून गेला.

आता आपल्याकडं कोणालाही विचारा. दुरडी रिकामी ठेवायची नसते. घरात कितीही चणचण असो, एक भाकर आत पाहिजे. तिला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी ताजी भाकर दुरडीत पडली की मग शिळी खायची, आणि शिळी सुनेची. एवढी साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही, कारण त्यानं विचारली नाही. आणि त्यानं विचारली नाही, कारण नांदेडला त्याच्या घरीही दुरडीत भाकर असायचीच. त्याला वाटायचं उरलेली आहे.

एका संध्याकाळी तो नदीवरून पोहून आला आणि त्याला सपाटून भूक लागली. आईला म्हणाला, "आई, दुपारची ती भाकर द्या."

"ती खायाची न्हाई, बाबा."

"का? खराब झाली?"

"खराब कशाला हुईल? ती दुरडीची हाय."

त्यानं आईकडं पाहिलं, दुरडीकडं पाहिलं, आणि वही घेऊन ओट्यावर बसला. किती थापल्या, मी किती खाल्ल्या, भावानं किती, आईनं किती, या वेळी त्यानं स्वतः किती, त्यातून दुरडीची वजा. बराच वेळ खरडत होता. मग मला हाक मारून म्हणाला, "तुमच्या बायकोच्या वाट्याला ताजी अर्धीच भाकर येते."

"ती खातीच कमी," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंय?"

"आता बायकूच्या तोंडाकडं बघत बसू व्हय मी?"

तो मान खाली घालून म्हणाला, "परवा माझे प्रोफेसर येतात. चावडीवर सगळ्यांसमोर वही वाचून घेतील. मला आता हे लिहावंच लागेल. या घरची सून अर्धपोटी राहते. नाही लिहिलं तर हिशेब जुळत नाही, हिशेब नाही जुळला तर ते मला नापास करतील. मग वडील मला तहसिलात कारकून म्हणून चिकटवतील."

दाराआड बांगड्या वाजल्या. तिनं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात शेण भरताना ती मला म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, तसलं लिहू नका."

"त्याचं काम हाय ते."

"चावडीवर वाचलं की पारावर जाईल. पारावरून बाजारात. पुढच्या बाजाराला माझ्या बाला उदगीरात कळंल, लेक उपाशी ऱ्हाती म्हनून. बा गाडी जुपून येईल आन मला घिऊन जाईल. तुम्हाला ठाव हाय का तो कसा हाय?"

मला ठाऊक होतं. लग्नात पानसुपारीवरून त्यानं मांडव उठवायची तयारी केली होती.

"मंग जा की चार दिवस," मी म्हणालो. मी असंच बोलतो.

"मला जायाचं न्हाई," ती म्हणाली. शेणाची पाटी उचलली आणि निघून गेली. मी तिला आवडतो की नाही याबद्दल उभ्या जन्मात ती जे काही बोलली ते एवढंच. शेणाच्या पाटीसकट.

मी जाऊन विद्यार्थ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग एकच उपाय. वहिनींचं ताट सगळ्यांसमोर तोलायचं. जे तोललं जाईल तेच लिहीन." मला वाटलं, आई घर डोक्यावर घेईल. पण आईला घराच्या अब्रूचं बरोबर कळायचं. ती म्हणाली, "खाऊ द्या की. आमच्या घरात सुना खात न्हाईत असं कोन म्हन्तो?" स्वतः सून असताना ती काय खायची, हे तिनं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

प्रोफेसर आले. गोंड्याची लाल टोपी, जाड चष्मा, सोबत डबा उचलायला एक नोकर. ओट्यावर त्यांना चारपाई टाकली. माझी बायको डोक्यावरून हातभर पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसली, आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदा एक सून नवऱ्याच्या आधी, परक्या पुरुषांच्या समोर जेवायला लागली. विद्यार्थी भाकर तोलायचा, आई ती पदराखाली सरकवायची. पदराच्या आत भाकर नाहीशी व्हायची. दुसरी. तिसरी. मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्या वाटणीची जाताना मला दिसून राहिली होती, पण बोलता येईना. मग भावाच्या वाटणीची गेली. तो तर रडकुंडीला आला.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "ये बाई रोज इत्ता खाती?"

विद्यार्थ्यानं मराठी करायच्या आधीच आई म्हणाली, "आज जरा कमीच खाल्लं, सायब. लाजली."

आई भरात आली होती. तिनं दुरडीतली भाकरही काढली आणि पदराखाली धरली. तेव्हा आतून आवाज आला, "आत्याबाई, यवडी ऱ्हाऊ द्या." आईनं ती परत ठेवली.

प्रोफेसरांनी विद्यार्थ्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं, या भागात बाया मर्दांपेक्षा जास्त खातात. विद्यार्थी जमिनीकडं पाहत होता. चावडीवर वही वाचली गेली. पाटील खूश झाला, आमच्या घराकडं लोक आदरानं पाहायला लागले. मी मात्र उरलेली अर्धी भाकर पाण्याबरोबर गिळली आणि औत धरलं. दोन तासांनी डोळ्यांपुढं बैल चार दिसायला लागले, तेव्हा अर्धी भाकर म्हणजे किती याचा मला तोल कळला. ताजव्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला उलट्या. एवढं खायची आतड्याला सवय कुठं होती? आईनं त्याचा वेगळाच अर्थ काढला आणि आळीत गूळ वाटून आली. खरी बातमी पुढं वर्षभरानं आली, तेव्हा आई गूळ वाटायला तयार नव्हती. "एकदा वाटला की," म्हणायची.

त्यानंतर मी ताटात एक भाकर ठेवूनच उठायला लागलो. बोललो काही नाही. मला वाटलं, तिला खायला होईल. एक दिवस दुरडी उघडली तर आत दोन भाकरी. तिनं माझीही दुरडीतच टाकली होती. मी एक ठेवून उठायचो, ती एक झाकून ठेवायची. चैन दुरडीची झाली.

निजाम गेला, पोलिस आले, मग आपलंच राज्य आलं. एकदा हळद विकायला नांदेडला गेलो होतो, तिथं बाजारात तो विद्यार्थी भेटला. शेरवानी जाऊन बुशकोट आला होता, पोट सुटलं होतं. धान्यपुरवठ्याच्या खात्यात बरा हुद्दा होता. चहा पाजला. मकाला पहिल्या वर्गात पास झाला, म्हणाला, आणि नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवतात, तपास कसा करावा याचा. मग कप खाली ठेवून हळूच विचारलं, "वहिनी कशा आहेत? जेवतात ना?"

"तुमच्या वहीपुरतं जेवली ती," मी म्हणालो. "एकदाच."

त्यानं चहाचे पैसे दिले आणि म्हशीची चौकशी केली.

आता माझ्या नातीलाही लातूरच्या कॉलेजात प्रोजेक्ट असतात. ती मोबाइलवरून उतरवून घेते. मला हे बरं वाटतं. त्यापायी कोणाला उलट्या होत नाहीत.

तर ती गेली त्याचा दुसरा दिवस. आपल्यात मरणाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीनं सकाळीच पिठलं-भाकरी आणून ठेवली. सगळे मला आग्रह करून राहिले होते. मी उठलो, चुलीपाशी गेलो आणि दुरडीवरचं फडकं काढलं. तिनं ठेवलेली भाकर होती. कडक झालेली. लातूरहून आलेली थोरली सून म्हणाली, "मामा, ताजी हाय की. शिळी कशाला?"

"शिळी सुनेची असती," मी म्हणालो. "तुला देऊ का?"

मी तांब्यातलं पाणी शिंपडून भाकर मऊ केली, मधोमध मोडली. अर्धी ठेच्याला लावून तिथंच चुलीपुढं, तिच्या जागेवर बसून खाल्ली. उरलेली अर्धी दुरडीत ठेवली आणि वर फडकं टाकलं.