अडीच ओळींचा अनुभव

पंचविसाव्या वर्षी माझा आयुष्याचा एकूण अनुभव अडीच ओळींचा होता, आणि त्यातली दीड ओळ पत्त्याची होती.

हे मला मुरबाडच्या झेरॉक्सवाल्याने दाखवून दिलं. आसनगावजवळच्या एका भल्यामोठ्या गोदामात जागा निघाली होती आणि अर्जासोबत बायोडेटा हवा होता. तीन वर्षांचं बी.कॉम. मी चार वर्षं मन लावून केलं होतं, त्यामुळे शिक्षणाचा रकाना भरला. खाली सगळं पांढरंफटक.

"असं पाठवलं तर सायबाला वाटेल माझ्या प्रिंटरची शाई संपली," झेरॉक्सवाला म्हणाला. "काय तरी केलं असशील ना रे जन्मात?"

मी आठवू लागलो. लावणीच्या वेळी बांधावर बायकांसाठी चहाची किटली न्यायचो. त्याने टाइप केलं, 'बारा जणांच्या टीमचे व्यवस्थापन'. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत एकदा माईकवरून हरवलेल्या माणसांची नावं पुकारली होती. 'जनसंपर्क'. (त्या दिवशी हरवलेल्या माणसांत आमची आत्याही होती, आणि ती माझ्या मागेच खुर्चीवर बसली होती, ही गोष्ट वेगळी.) घरी म्हैस आहे म्हटल्यावर 'पशुधन क्षेत्राचा अनुभव'! ती म्हैस मला बघून शिंग हलवते आणि मी तिला बघून रस्ता बदलतो, हे टाइप करायला जागा उरली नाही.

"कुठं नोकरी?"

"दामूकाकांच्या भातगिरणीत. दोन दिवस."

"दोन दिवस कोण लिहितं? सहा महिने टाकतो. आणि खाली एक नाव लागेल, तुझ्याबद्दल सांगणारं. नातेवाईक नको."

आमच्या गावात नातेवाईक नसलेला माणूस शोधायचा म्हणजे एसटीने दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं. त्यातल्या त्यात दामूकाका. ते काका म्हणण्यापुरतेच काका. त्यांचा नंबर दिला आणि त्यांना मात्र काहीच सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडाने? त्या दोन दिवसांनंतर काकांनी मला स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं होतं आणि आबांना म्हणाले होते, "तुमचा ठेवा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

नोकरी मला हवी होती, आणि त्याला कारण होतं. आबांनी जाहीर केलं होतं, "जत्रेपर्यंत नोकरी नाय लागली तर म्हशात आणखी दोन म्हशी घेतो. आयुष्यभर सांभाळ." आबा बोलतात ते करतात. मला स्वप्नात सहा शिंगं दिसू लागली.

आठ दिवसांनी मेसेज आला, शनिवारी अकरा वाजता मुलाखत, आसनगाव. मी नाचत घरी आलो, तर ओटीवर दामूकाका पेढ्यासारखं तोंड करून बसलेले.

"मंगेश, नशीब काढलंस रे! पोरीकडचा फोन होता. चौकशीचा!"

इथे एक सांगायला हवं. भात झोडून झालं की आमच्याकडे सोयरिकी सुरू होतात, आणि कुठल्याही मुलाची चौकशी करायची तर फोन दामूकाकांना. गिरणीवाल्याला घराघरातली गोणी माहीत असते आणि घराघरातलं माणूसही. चौकशीला आलेल्यांपुढे गावच्या पोराबद्दल वाकडं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. काकांनी आजवर अशी कितीतरी लग्नं जमवली आहेत. (त्यांतली काही जोडपी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.)

"कोण बोलली हो ती?" आईने विचारलं.

"मॅडमच होती. शिकलेली. सरळ इचारलं, मंगेश सहा महिने तुमच्याकडं होते का? मी म्हटलं, सहा महिने काय, जन्मापासून माझ्याच खळ्यात लोळलाय! मग म्हणते, स्वभाव कसा? मी म्हटलं, ताई, गाय. वर मान करून बोलायचा नाय. कालचं वाढलं तरी गुमान खातो. मग म्हणते, मेहनती आहेत का? मी म्हटलं, त्याला मेहनतीची गरजच काय? बापाचं शेत हाय, बसून खाईल!"

"बरं केलंत," आई गहिवरून म्हणाली.

"शनवारी अकराला बोलावलंय. आसनगावला."

"काका, शनिवारी अकराला माझा इंटरव्ह्यू आहे. आसनगावला."

"मग बरंच की!" आबा म्हणाले. "एका खेपेत दोन्ही कामं."

दोन्ही आसनगावला. दोन्ही शनिवारी. दोन्ही अकराला. चार वर्षं बी.कॉम. केलेल्या माणसाला एवढ्यावरून काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच, की अकराऐवजी मुलीकडे साडेबाराला जाऊ.

"घर कुठं हाय त्यांचं?" आईने विचारलं.

"गेट नंबर दोन म्हणाली."

"अगो बाई, घराला दोन-दोन गेटं!" आईने कपाटातून ठेवणीतली साडी काढली.

शनिवारी भाड्याची गाडी निघाली. पुढे आबा, मागे आई, दामूकाका आणि मधोमध फाइल छातीशी धरून मी. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, ब्लाउजपीस आणि पेढे. मी म्हटलं, "आधी मला गोदामावर सोडा, तुम्ही बाहेर थांबा." गाडी गोदामासमोर थांबली. फाटकावर हातभर अक्षरात लिहिलं होतं, 'गेट नं. २'.

आता कुठे मला सुचलं. काका मात्र टाळी वाजवून म्हणाले, "हेच! अरे, गोदामवाल्याचीच पोर दिसते!"

मी काही बोलायच्या आत काका खाली उतरून वॉचमनच्या टेबलापाशी पोचले होते. वॉचमनने वही पुढे केली. 'येण्याचे कारण' या रकान्यात काकांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'मुलगी पाहणे'. वॉचमनने ते वाचलं, आमच्याकडे पाहिलं, आईच्या हातातला नारळ पाहिला आणि कुणालातरी फोन लावला.

आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं. पन्नाशीच्या एक बाई गळ्यात ओळखपत्र घालून आल्या.

"ही पोरीची आई असंल," आई माझ्या कानात म्हणाली. मग मोठ्याने, "पोरीलाच चहा घेऊन येऊ द्या की, ताई. लाजायचं काय त्यात?"

"कुठली मुलगी?" मॅडम म्हणाल्या.

एसीचा आवाजसुद्धा मला अपमानासारखा वाटला.

"तुमीच फोन केलेलात ना मला? मंगेश कसा म्हणून?" काकांनी विचारलं.

"हो. यांनी लिहिलंय ना, तुमच्या गिरणीत सहा महिने साठा विभाग सांभाळला."

दामूकाका वळले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिरणीत तांदळात आलेल्या खड्याकडे पाहतात.

"ताई," ते सावकाश म्हणाले, "सोयरिकीला मी खोटं बोलतो. ते पुण्याचं काम हाय. नोकरीला नाय बोलणार. हा माझ्याकडं दोन दिवस होता."

"काका!"

"गप रे. तर ताई, गिरणीत भाताच्या गोण्या येतात, ज्याच्या-त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली. ज्याचं भात त्याचाच तांदूळ, त्यालाच कोंडा. हा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आला. म्हणाला, चिठ्ठ्या वाऱ्यानं उडतायत, हरवतील. तर यानं वीस गोण्यांच्या चिठ्ठ्या काढून डब्यात नीट ठेवल्या! जपून! झाकण लावून!"

"सगळा गाव गिरणीत उभा ऱ्हाऊन दाणे चावत होता, ताई," आबांनी भर घातली. "आपला तांदूळ कुठला ते वळखायला."

"आमच्या घरात अजून कुणाचा तरी जाडा भात शिजतोय," आई म्हणाली. आईसुद्धा!

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांपुढे म्हशाचा बाजार उभा राहिला. मी उठलो, फाइल उचलली.

"बस," दामूकाका म्हणाले. "अजून संपलं नाय माझं. ताई, मी याला घरी सोडला. पण दुसऱ्या दिसापासून हा तीन दिवस डोक्यावर गोणी घेऊन घरोघर फिरला. लोकांचा तांदूळ लोकांना बदलून दिला. बायकांनी नाय नाय ते ऐकवलं. याची मान खाली. पण पळाला नाय. तेवढं मातर लिहून घ्या."

आबा छताकडे बघत होते. आबांना काही वाटलं की ते छत तपासतात.

"हे का नाही लिहिलंत बायोडेटात?" मॅडमनी मला विचारलं.

"लिहिण्यासारखं वाटलं नाही," मी म्हणालो. आख्ख्या बायोडेटाच्या प्रकरणातलं हे माझं पहिलं खरं वाक्य.

मॅडमनी बायोडेटावर पेनाने 'सहा महिने' खोडून 'पाच दिवस' केलं. "एक महिना ट्रायल. सोमवारपासून या. लेबलच्या टेबलापासून लांब बसायचं."

निघताना आईने त्यांची ओटी भरली. मॅडम नको-नको म्हणत होत्या, पण आणलेला नारळ तसाच घरी न्यायचा नसतो, या आईच्या नियमापुढे कोणत्या कंपनीचं धोरण टिकणार? आबांनी जत्रेत एक म्हैस घेतलीच. म्हणाले, "ट्रायलचा काय भरवसा?"

आज त्याच गोदामात नव्या मुलांना मी ट्रेनिंग देतो. पहिल्या दिवशी पहिलाच नियम सांगतो, काहीही झालं तरी खोक्यावरचं लेबल काढून जपून ठेवायचं नाही. दरवेळी कोणीतरी हसतं आणि विचारतं, "सर, असं कोण करेल?"

मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "त्याला अनुभव लागतो."