गार होणारा चहा

गडाच्या बुरुजावर एक जण बायकोचा आणि मुलीचा फोटो काढत होता. "अजून थोडं मागे. खालचा तलाव येत नाहीये," असं तो म्हणे आणि त्या दोघी हसत मागे सरकत. त्यांच्या मागचा कठडा ढासळलेला होता. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये, दोघींचं त्याच्याकडे. मी ओरडणारच होतो. पण दचकून त्यांचा पाय मागे पडला तर, या भीतीनं थांबलो.

सावलीत बसलेले त्याचे वडील शांतपणे म्हणाले, "सूनबाई, इकडे ये, चहा ओत. गार होतोय."

सासऱ्यांनी चहा मागितला म्हटल्यावर ती मुलीचा हात धरून लगेच पुढे आली. मुलगा वैतागला. "बाबा, तुम्हाला नेमका आत्ताच चहा हवा असतो."

माझे वडीलही सहलीत ऐन रंगात अशीच हाक मारायचे. आम्ही चिडायचो. आपल्या मागे काय आहे, हे मात्र मी कधी वळून पाहिलं नाही.

सुनेनं थर्मास उपडा केला. "चहा तर मघाशीच संपला, बाबा."

"हो का," ते म्हणाले. रिकामा कप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, तरी तो हलत होता.