बहरीनच्या देव्हाऱ्यात अडकलेला लोहार

पुजलेली लक्ष्मी घराबाहेर द्यायची नसते म्हणे! मग आणली कोणासाठी होती? पुजायला तुमच्या बहरीनचे दिनार कमी पडले होते? हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतेय. विचारतेय माझ्या धाकट्या दिराला, प्रकाशभाऊजींना, आणि जावेला, सुनंदाला. पण तुम्हाला कोणाला बहरीनला जायचं असेल तर तुम्हीही वाचा. रस्ते, खाणं सगळं सांगते, मध्येमध्ये माझं रडगाणं आहे ते सोसा.

आमचे हे जहाजावर फिटर. घराणं लोहाराचं, जयगडच्या बाजूचं. एका थंडीत ह्यांचं जहाज एस्टोनियाच्या बंदरात अडकून पडलं. तेव्हा तो देश रशियाच्या पोटात होता. धक्क्यावरच्या एका म्हातारीने ह्यांच्याकडून चहाचा पुडा घेतला आणि घडी घातलेली एक जुनी नोट हातात ठेवली. नोटेवर धान्याची पेंढी घेतलेली बाई. तिचा देश पहिल्यांदा स्वतंत्र झाला तेव्हाची नोट. देश गेला, पण म्हातारीने नोट ठेवली होती. तिथून ह्यांना जे वेड लागलं ते लागलंच. लोक बंदरावरून सेंट आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, हे त्या बुडालेल्या देशाच्या नोटा हुडकायचे. वल्हंवाला कोळी मिळाला, शिंग फुंकणारा गुराखी मिळाला, समुद्रकाठ मिळाला. राहिला एकच, शंभराच्या नोटेवरचा लोहार. लोहाराच्याच घरात लोहार नाही! मग जहाजावर पाय चिरडला आणि हे कायमचे घरी बसले.

शहाण्णव साली भाऊजींचा फोन आला. "वहिनी, दादाचा लोहार सापडला! मनामाच्या बाजारात. टपालाने नको पाठवायला, मागची नोट वाटेतच गहाळ झाली. मी व्हिसा पाठवतो, दिवाळीला तुम्हीच या." ह्यांनी त्याच दिवशी पुठ्ठा कापायला घेतला. नोटेच्या मापाचा, दोन्ही बाजूंनी, मध्ये प्लास्टिक. म्हणाले, "दुमडू नकोस हां. एवढंच कर."

दिवाळीत तिकडे हवा बरी असते, जायचं तर तेव्हाच जा. उन्हाळ्यात विमानातून उतरल्या उतरल्या तोंड भाजतं म्हणतात. विमानातला कागद मी शेजारणीकडून भरून घेतला, मला चौथीपलीकडचं इंग्रजी येत नाही. भाऊजींचं घर हमद टाउनला. सगळी घरं मातकट रंगाची, सारखी, आणि रस्त्यात गोल चक्करच चक्कर. आपलं चक्कर ध्यानात ठेवा, नाहीतर फिरत बसाल. सकाळी गरम खबूस मिळतो, म्हणजे तिकडची रोटी, आपल्या भाकरीएवढी, चहात बुडवून चांगली लागते आणि स्वस्त. टॅक्सीत बसायच्या आधी भाव ठरवा.

पहिल्या दिवशी मी नोट मागितली. भाऊजी म्हणाले, "उद्या लक्ष्मीपूजन झालं की देतो." दुसऱ्या संध्याकाळी मी आत शंकरपाळे तळत होते. हात धुऊन बाहेर आले तर चौरंगावर दिनारांच्या शेजारी आमचा लोहार. ओलं कुंकू कपाळावर, हळदीची बोटं ऐरणीवर. कुंकू पाझरून पार खालपर्यंत आलेलं.

"सुनंदा, हे काय केलंस?"

"काय केलं, ताई? लक्ष्मी आहे ती. परक्या देशाची असली म्हणून काय झालं?"

"ती माझ्या नवऱ्याची आहे."

"पूजेआधी होती. आता नाही देता यायची. दादांचा विचार मला नाही का? पण आमचं व्हिसाचं रिन्यूअल अडकलंय. आजच्या दिवशी लक्ष्मी हाताने बाहेर घालवू? उद्या आम्हालाच जावं लागलं तर?"

मी भाऊजींकडे बघितलं. ते पणती सरळ करत होते. सरळच होती ती. म्हणाले, "वहिनी, यल्ला, चला, आधी जेवून घेऊ. रिन्यूअल झालं की मीच आणून देतो, इंशाल्ला."

पुतणी सोफ्यावरून म्हणाली, "काकी, इट्स जस्ट ओल्ड मनी."

"मग ओल्ड मनी दे म्हणावं तुझ्या आईला," मी म्हटलं. ती हसली आणि टीव्हीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी बस धरून मनामाला गेले. सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, जिथून भाऊजींनी नोट घेतली ते दुकान कादिरभाईंचं. दाभोळचे, आपल्याच बाजूचे. त्यांनी आधी चहा मागवला, मग सगळं ऐकलं.

"नोटंला हळद लावलीन?" ते म्हणाले. "मग ती नोट नाय गो बाय, नवरी झाली. आता सासर सोडून येते कशी?"

मला हसूही आलं आणि रडूही. "दुसरी द्या की, कादिरभाई."

"दुसरी मफी. नाहीच. एक गोरा इंजिनेर देऊन गेला, तो पण गेला आपल्या मुलखात. खलास."

परतीची बस यायची होती. समुद्राकाठी जाऊन बसले. पाणी आपल्यासारखंच, पण लाटच नाही, नुसतं पसरलेलं. तिथे बसून मला कळलं, मी ह्याच्यासाठी समुद्र ओलांडून आले आणि मागता सगळं आलं, फक्त मिळालं नाही. पाहुण्यांनी तिथला सूर्यास्त बघावा म्हणतात. मी बघितला नाही.

मुंबईला कस्टमवाल्याने पुठ्ठा उघडला. "खाली है?" म्हणाला. खालीच होता.

घरी ह्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटासुलटा केला. मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. म्हणाले, "कुंकू लागलं तर लागू दे गं. लोहार दिसतोय ना त्यात?" दिसत होता. "मग झालं," म्हणाले, आणि पुठ्ठा उशाशी ठेवला.

रिन्यूअल झालं. मग सुनंदा म्हणाली, नोट पावली, आता तर मुळीच हलवायची नाही. मग बढती झाली. मग अमवाज आयलंड्सवर फ्लॅट झाला, समुद्राकडे तोंड करून. देव्हाराही मोठा केलात म्हणे. भाऊजी, बहरीनचा प्रवास कसा झाला असं मला अजून लोक विचारतात. खबूस आठवतो, कादिरभाई आठवतात, बाकी तो रिकामा पुठ्ठा. तोच राहिला.

तुमच्या दादाचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, आता सुधारणा नाही, आहे तेवढं काही दिवस. परवा ह्यांनी कोळ्याची नोट हातात धरली होती आणि मला म्हणाले, "वल्हं बघ कसं झोकात धरलंय." नोट उलटी होती.

तुमची लक्ष्मी तुम्हाला पुष्कळ पावली. आता तिला घराबाहेर पडू द्या. वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं, एका शब्दात, आणि सुनंदाला विचारून सांगतो असलं नको. लोहार पाठवताय की नाही?